एक डवली कमी

महाशिवरात्रीला कुणकेश्वरात देवस्वाऱ्या येतात. त्यांच्यासोबत गावोगावची माणसे अनवाणी, उपास धरून, तासन्‌तास चालत येतात. समुद्रस्नान होते, रांगेत उभे राहून दर्शन होते, ऊन डोक्यावर येते आणि तरी कुणी कुरकुरत नाही. एक दिवस कडक राहणे आपल्याला उत्तम जमते. घोडे अडते ते उरलेल्या ३६४ दिवसांत.

तो एक दिवसही आता जड झाला आहे. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणे वडे, बटाट्याचे वेफर्स, वर गोड चहा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदातला जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रथिने नावालाच. आपल्याच डोंगरउतारांवर वरी पिकायची. तिचा भात आणि दाण्याची आमटी खाऊन उपास सोसायचा सोडून आपण तमिळनाडूतल्या सेलमकडून आलेला साबुदाणा तेलात तळतो.

यात्रेतल्या खाजावर माझा राग नाही. बेसनाची कांडी, गुळाचा पाक, आल्याचा ठसका. वर्षातून एकदा घ्यावा आणि मजेत खावा. खटखटे लाडूही खावेत. माझे भांडण रोज घरात भरणाऱ्या यात्रेशी आहे. सकाळी चहाबरोबर बिस्किटे, अकराला परत चहा, संध्याकाळी फरसाण, पोराच्या हातात पाच रुपयांचा कुरकुरीत पुडा, पाहुणे आले की रंगीत थंड पेयाची बाटली. सणाचे खाणे रोजचे झाले, हे आपले खरे दुखणे.

त्यावर आपण काढलेला उपाय दुखण्याहून वाईट. ‘फाल्यापासून गोड बंद.’ ‘फाल्यापासून भात बंद.’ मुहूर्त ठरलेले असतात: १ जानेवारी, गुढीपाडवा, वाढदिवस, आणि रक्ताचा अहवाल हातात पडलेला दिवस. त्या अहवालानंतरचे बोलणे आमच्या किनाऱ्यावर कुठल्याही घरात ऐकू येईल.

“आये, डॉक्टरान माका भात बंद करूक सांगल्यान.”

“मगे खातलस काय, वारो?”

आई बरोबर विचारते. भात काढून घेतला तर ताटात उरते काय, हा प्रश्न मुलाने स्वतःला विचारलेला नसतो. चार दिवस तो चपातीवर काढतो, पाचव्या दिवशी बांगड्याचे तिखले होते, आणि तिखले चपातीशी कोण खातो? आठवड्यात भात परत येतो, तोही आधीपेक्षा मोठा. मग ‘आपल्या नशिबात नाही’ म्हणून विषय संपतो. नशिबाचा यात काही संबंध नाही. पद्धत चुकली.

हा विषय चेष्टेवारी नेण्याइतका लहान राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेला देशव्यापी मधुमेह अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत असा त्याचा अंदाज. राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा निघाला, २६.४ टक्के. गोवा आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्याला लागून आहे. भात, मासे, नारळ, कढी, ताट जवळजवळ तेच. कारणे अनेक असतील: बैठे काम, वाढलेले वय, हाताशी आलेला पैसा, घराण्यातला आजार. पण ‘आमचा आहार मुळातच निरोगी’ असे सिंधुदुर्गात बसून छातीठोकपणे म्हणायची सोय या आकड्याने ठेवलेली नाही.

आणि मुळात तसे म्हणूही नये. जुन्या ताटाची आरती ओवाळणारे लोक एक गोष्ट विसरतात. ते ताट नांगर धरणाऱ्या, रापण ओढणाऱ्या, डोक्यावर हारा घेऊन चार गावे पायी फिरणाऱ्या शरीरांसाठी होते. भाताचा डोंगर त्यांच्या अंगात जिरत होता. आज शेजारच्या मिठमुंबरीला जायचे तर आपण दुचाकी काढतो, रापणीच्या जागी इंजिन आले, आंब्याच्या बागेत फवारणीला पंप आहे. काम कमी झाले, भात वाढायची डवली तीच राहिली. शिवाय पावसाळ्यात खारवलेले मासे, लोणचे, पापड, कोकमाचे आगळ यांतून पोटात जाणारे मीठ तेव्हाही जास्तच होते.

मग काय करायचे? डवलीपासून सुरुवात करायची. भात बंद नाही, एक डवली कमी. बास, एवढेच. आणि त्या रिकाम्या जागेत लगेच काहीतरी ठेवायचे, कारण रिकामी जागा दिसली की हात पातेल्याकडे जातो. काळ्या वाटाण्याचे सांबार, कुळथाची उसळ, चवळी, एखादी पालेभाजी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मे महिन्यात आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. साधारण २००० कॅलरींच्या दिवसासाठी त्यांनी धान्य सांगितले २५० ग्रॅम, न शिजवलेले; आणि भाज्या ४००. आपल्या घरात हा हिशोब बरोबर उलटा बसतो. सकाळची पेज किंवा घावणे, दोन वेळचा भात, मध्ये भाकरी, यांची बेरीज २५० च्या पलीकडे सहज जाते आणि भाजी ताटाच्या कडेला चिमटीएवढी असते. हा उलटा हिशोब एका दिवसात सुलटा होणार नाही. महिन्याला एक डवली, या वेगाने मात्र नक्की होईल.

हा वेग फार हळू वाटतो? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर अभ्यास केला. तो २०१० मध्ये छापून आला. प्रत्येकाने एक छोटी सवय निवडायची आणि रोज ठरल्या वेळी, ठरल्या प्रसंगी ती पाळायची. न आठवता, आपोआप घडू लागायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८ पुरले, कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ वर गेला. महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे: मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवयीचे फारसे बिघडले नाही. आपण मात्र लग्नात दोन जिलब्या खाल्ल्या की ‘आता मोडलेच’ म्हणून उरलेला महिना मोडीत काढतो. जिलबीने नुकसान होते त्याहून जास्त या एका वाक्याने होते.

दुसरे उदाहरण ब्रिटनचे. तिथे २००३ च्या सुमारास मिठाची मोहीम सुरू झाली. पाव, सूप, तयार पदार्थांतले मीठ कंपन्यांनी थोडे थोडे, वर्षानुवर्षे उतरवायचे. जिभेला कळू न देता. दिवसाचे सरासरी मीठ साडेनऊ ग्रॅमच्या आसपास होते, ते २०११ पर्यंत ८.१ वर आले. एकदम अर्धे केले असते तर लोकांनी मीठदाणी उचलली असती. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमची आहे, म्हणजे त्यांनाही अजून बरेच उतरायचे आहे. पण जिभेला हळूहळू वळवता येते हे एका अख्ख्या देशाने करून दाखवले. आपल्याला एका घरात करायचे आहे.

तेव्हा सुकट करण्याआधी दोनदा धुवा. पेजेबरोबर लोणच्याची फोड अर्धी करा. सोलकढीत आगळ घालत असाल तर वरून मीठ घालू नका, आगळात ते आधीच मुबलक असते. आणि कोकम म्हणून साखरेचे पाणी पिणे सोडा. अमृत कोकमात सालींपेक्षा साखर जास्त पडते. ते सरबत आहे, औषध नव्हे. आपल्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले याचा अभिमान सोलकढी पिऊनही बाळगता येतो.

चहाचे तसेच. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅमच्या आसपास साखर. तीही चहातलीच, बिस्किटे वेगळी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेसाठी साधारण २५ ग्रॅमच्या आत राहणे चांगले असे सांगितले. बिनसाखरेचा चहा उद्यापासून प्यायला सांगणाऱ्याचे ऐकू नका. पाव चमचा कमी करा, तीन आठवडे थांबा, पुन्हा पाव चमचा. काही महिन्यांनी जुना चहा तुमच्या हातात दिला तर पाकासारखा लागेल.

कुळथावर मला जरा थांबायचे आहे. भात कापून झाला की जमिनीतल्या उरलेल्या ओलीवर येणारे हे पीक. पाणी मागत नाही, लाड मागत नाही. शंभर ग्रॅम कुळथात २२ ग्रॅमच्या आसपास प्रथिने, तांदळात सुमारे ८. कुळथाची पिठी करायला लागते काय? कुळीथ भाजून भरडून ठेवलेले पीठ घरात हवे. पातेलीत चमचाभर तेल, ठेचलेली लसूण, मिरची, फोडणी तडतडली की पाणी, दोन आमसुले. पीठ गार पाण्यात कालवून, गुठळी न होऊ देता, ढवळत ओतायचे. उकळी आली की वास अंगणात जातो. भाजलेल्या पिठाला शिजायला वेळ लागत नाही. पुड्यातल्या नूडल्सच्या वेळात पिठी होते. आणि ‘वेळ नाही’ म्हणून नूडल्स आणणाऱ्या घरात कुळथाच्या पिठाचा डबा नसतो, एवढाच फरक आहे. डबा भरून ठेवला की आठवड्यातून एकदाची पिठी दोनदा होते. सवय मनाच्या निर्धारावर फार काळ उभी राहत नाही. डबा हाताशी असला की राहते.

नाचणीचे काय झाले, तेही सांगतो. १९९० पासून रोजगार हमीला जोडून फळबाग लागवडीची योजना आली. वरकस जमिनीवर आंबा-काजू उभा राहिला. घरात पैसा आला, पोरे शिकली. हे चांगलेच झाले, त्यावर नाक मुरडणाऱ्यांनी त्याआधीची गरिबी पाहिलेली नाही. पण वरकसावरची नाचणी आणि वरी त्यासोबत गेली, आणि त्यांच्या जागी ताटात पांढरा पॉलिशचा तांदूळ आला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात दहासुद्धा नसते. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. शहरांतल्या दुकानांत नाचणीची बिस्किटे आली, त्यांतल्या अनेकांत मैदा आणि साखर नाचणीपेक्षा जास्त. त्या बिस्किटांच्या नादी लागू नका. आठवड्यातून दोन सकाळी आंबील, तांदळाच्या भाकरीच्या पिठात मूठभर नाचणी, पुढे दोन मुठी. आणि तांदूळ घ्यायचाच तर उकडा घ्या. भात न सडता आधी उकडतात, त्यामुळे कोंड्यातली ब जीवनसत्त्वे दाण्यात उतरतात. पेज तिच्या निवळीसकट खातो, म्हणून पाण्यात गेलेलेही पोटातच राहते.

माशांबद्दल एकच बोलतो, कारण त्यात मतभेदाला जागा फार. सुरमई-पापलेट म्हणजेच मासे, हा समज पर्यटकांचा. तो आपण उचलायची गरज नाही. बांगडा, तारली, पेडवे यांच्यात प्रथिने भरपूर आणि हृदयाला चांगली असलेली चरबी आहे. लहान मासा काट्यासकट खाल्ला तर कॅल्शियमही मिळते. फक्त रव्यात घोळवून तव्यावर तेलात सोडायचा वार कमी करा. तिरफळे घालून केलेल्या तिखल्याला चमचाभर तेल पुरते.

आता जे बोलायचे ते पुरुषांशी. घरात कुणाचा आहार बदलतो तेव्हा बदलणाऱ्याचे फक्त तोंड बदलते. हात दुसऱ्याचेच राबतात. त्याला नाचणीची भाकरी, पोरांना चपाती, म्हाताऱ्यांना मऊ भात, आणि हे सगळे करून उरेल ते घरची बाई खाते. बहुतेक वेळा उरतो भात आणि कालवणाचा रस. माशाचे तुकडे इतरांच्या ताटांत गेलेले असतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २०२१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघाले. घरातले सर्वांत आधी सुधारायला हवे असे ताट तिचे आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत शेवटीही होत नाही. तिने सर्वांबरोबर बसून जेवणे, ही पहिली सवय. माशाचा तुकडा तिच्या ताटात आधी वाढणे, ही दुसरी. जेवणावर लगेच चहा घेतला तर अन्नातले लोह नीट शोषले जात नाही. तिच्या आणि सगळ्यांच्याच चहाला तासभर पुढे ढकलणे, ही तिसरी. यातल्या एकीलाही पैसा लागत नाही.

आणि ज्याला साखर निघाली आहे त्याने कुळीथ स्वतः भाजावेत. रापण ओढलेल्या हातांना कालथा जड होत नाही. आपल्या जिवासाठीचा बदल दुसऱ्याच्या पाठीवर लादला की तो टिकत नाही, हे मी इतक्या घरांत पाहिले आहे की त्यावर वाद घालायची माझी तयारी नाही.

पोरांना उपदेश करू नका. पाच रुपयांचा पुडा वाईट असे सांगून पोरगे ऐकत नाही, पण घरात चिबूड कापलेला असला तर खाते. मे महिन्यात आपल्याकडे आंबा असतो, करवंदे असतात, जांभळे असतात. पावसात पेरू लागतात. आंबा कापून खायला द्या, साखर घालून दुधात फिरवून देऊ नका. पुडा एकदम बंद नाही, आठवड्यातून एक वार कमी. पोरांनाही तोच वेग.

हे सगळे सुरू कधी करायचे? मुहूर्त आपल्या किनाऱ्याकडे तयार आहे. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या वर ओढल्या जातात, बाजारात ताजी मासळी विरळ होते, आणि ताट आपोआप बदलते. टाकळा, कुर्डू, अळू दारात उगवतो. काळे वाटाणे, कुळीथ, चवळी डब्यातून बाहेर येतात. पाठोपाठ श्रावण. गोकुळाष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि आंबोळ्या होतातच. सवय लागायला जेवढे दिवस लागतात, जवळजवळ तेवढाच हा काळ. वर्षातून एकदा जे ताट आपण नाइलाज म्हणून खातो, त्यातली एक गोष्ट नारळी पौर्णिमेनंतरही चालू ठेवायची, एवढेच नवे काम आहे. या वर्षी पिठीचा दुसरा वार. पुढच्या वर्षी टाकळ्याच्या जागी बारमाही लाल माठ. पाच वर्षांनी ताट ओळखू येणार नाही आणि कुणाला त्रास झालेलाही नसेल.

तेव्हा वाचकहो, पंधरा बदलांची यादी भिंतीवर लावू नका. एक निवडा. कोणता, ते घरात स्वयंपाक करणाऱ्या बाईशी बसून ठरवा, आणि त्यातले निम्मे काम आपल्याकडे घ्या. जमले तर उद्या दुपारी ताट स्वतः वाढून घ्या, एक डवली कमी.